मदत हवी आहे: रिमोट टीममध्ये कोड रिव्ह्यू दोन-तीन दिवस अडकतो

धागाकर्ता:
सहा जणांची टीम, तीन टाइमझोन. सगळे एकाच वेळी ऑनलाइन असतात ते दिवसातले जेमतेम २ तास, आणि त्यातला बराच वेळ स्टँडअपमध्ये (रोजच्या छोट्या आढावा बैठकीत) जातो. घरून सलग, शांतपणे काम होतं हा मोठाच फायदा आहे. पण सहकाऱ्याने कोड तपासून (रिव्ह्यू) साधा बदलसुद्धा मुख्य कोडमध्ये सामील (मर्ज) व्हायला आठवडा लागतो. रिव्ह्यूसाठी रोज वेगळी मीटिंग ठेवावी का?

प्रतिसाद १:
मीटिंग नको, फेऱ्या मोजा. शेवटच्या १० पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंत्या) उघडून प्रत्येकीत प्रश्न-उत्तरं किती वेळा झाली ते बघा. सामाईक वेळ २ तासच असेल तर एक फेरी म्हणजे जवळपास एक दिवस. म्हणून पहिल्याच वर्णनात लिहा: बदल का केला, कोणत्या कमांडने तपासला, दुसरा कोणता मार्ग सोडला आणि का, नेमकी कोणती फाइल बारकाईने बघायची. शक्यतो २०० ओळींच्या आत ठेवा. नावं बदलणं आणि फॉरमॅटिंग वेगळ्या रिक्वेस्टमध्ये.

रिव्ह्यू करणाऱ्याने प्रत्येक कमेंटवर ‘आवश्यक’ किंवा ‘सुचवणी’ लिहावं. फक्त सुचवण्या उरल्या असतील तर तेव्हाच मंजुरी द्यावी. इथे एक मेख आहे. नवीन कमिट (नोंदवलेला बदल) आल्यावर जुनी मंजुरी रद्द करणारं सेटिंग गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) चालू असेल, तर सुचवणी अमलात आणताच मंजुरी जाते आणि फेरी काही वाचत नाही.

प्रतिसाद २:
कोडओनर्स फाइलही (कोणत्या फोल्डरमधल्या कोडची जबाबदारी कोणाकडे, याची यादी) तपासा. एखाद्या फोल्डरसमोर एकाचंच नाव असेल आणि कोडओनरची मंजुरी सक्तीची असेल, तर तो रजेवर गेला की सगळं ठप्प. वेगवेगळ्या टाइमझोनमधले दोघे लिहा. एकाची मंजुरी पुरते. दोन्ही नावं एकाच ओळीत हवीत, कारण फाइलला जुळणारी शेवटची ओळच लागू होते.

स्टँडअप लेखी करा. ते २ तास अडलेल्या रिव्ह्यूंवर थेट बोलायला मोकळे ठेवा. टीममध्ये अमेरिका आणि युरोप दोन्ही असतील तर मार्चमध्ये जपा: अमेरिकेतली घड्याळं दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपातली शेवटच्या. मधले दोन-तीन आठवडे सामाईक वेळ तासभर सरकते.

धागाकर्ता:
फेऱ्या मोजल्या, सरासरी ४ निघाल्या! बहुतेक प्रश्न ‘हे असं का केलं’ याच धर्तीचे. त्यांची उत्तरं आधी चॅटवर ठरलेली होती, पण तिथे नसलेल्यांना ती सापडतच नाहीत.

प्रतिसाद १:
मग निर्णय चॅटवर ठेवूच नका. रिपॉझिटरीतच (प्रोजेक्टचा कोड राहतो तिथेच) एक फोल्डर करा, एका निर्णयाला एक छोटी फाइल: परिस्थिती, निर्णय, परिणाम. पुल रिक्वेस्टमध्ये तिचा दुवा द्या. हरकतीसाठी मुदत लिहा, उदा. ‘गुरुवार, १०:०० यूटीसीपर्यंत’ (यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ), आणि प्रत्येकाला त्याआधी कामाचा एक पूर्ण दिवस मिळेल असं बघा. मात्र मुदतीत कोणी बोललं नाही म्हणून पुढे जायचं, हे सहज मागे घेता येणाऱ्या बदलांपुरतंच. डेटाबेसमधला कॉलम काढून टाकायचा असेल तर स्पष्ट होकार येईपर्यंत थांबा.