ब्राउझर न उघडता पान चालवणं म्हणजे पोरखेळ?

टर्मिनलवासी
एका धाग्यावर कुणी ठणकावून लिहिलंय, 'डायनॅमिक पान सर्व्हरशिवाय कमांड लाइनवर चालवणं हा पोरखेळ आहे.' तिथे उत्तरं बंद केलीत, म्हणून इथे. अहो, सीजीआय म्हणजे तरी काय? सर्व्हर चार एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल भरतो, पोस्ट (फॉर्म पाठवणारी विनंती) असेल तर बॉडी स्टँडर्ड इनपुटवर ओततो आणि प्रोग्रामने जे छापलं ते उचलून पुढे देतो. १९९३ पासून हेच चाललंय. रिक्वेस्ट_मेथड, क्वेरी_स्ट्रिंग, स्क्रिप्ट_फाइलनेम मी हाताने भरले तर पीएचपी-सीजीआयच्या (पीएचपी भाषेची सीजीआयवाली आवृत्ती) बापालाही कळत नाही की समोर अपाची सर्व्हर आहे की मी. फक्त रिडायरेक्ट_स्टेटस विसरू नका, नाहीतर 'सिक्युरिटी अलर्ट' म्हणून हाकलतं. बदलाआधीचं आणि नंतरचं आउटपुट डिफला (दोन फाइलींतला फरक दाखवणारी कमांड) दिलं की हललेली ओळ समोर येते. ब्राउझरमध्ये बसा डोळे फोडत!

गेटवे५०२
ते लिहिणारा मीच, आणि अजून तेच म्हणतो. रिराइटचे (सर्व्हर यूआरएल आतल्या आत बदलतो ते) नियम, लॉगिन, कुकी हे सगळं तुमच्या शेलमध्ये कुठून येणार? इथे पान छान छापलं जातं, तिथे सर्व्हरवर ५०० एरर. २०१२ मध्ये ५.४ आलं तेव्हापासून 'पीएचपी -एस लोकलहोस्ट:८०००' (मोठा एस) हा आयता छोटा सर्व्हर आहे, मग ही कसरत कशाला? आणि ज्या सीजीआयचं एवढं कौतुक, त्याच्या यूआरएलपुढे त्याच वर्षी '?-एस' (छोटा एस) लावलं की अख्खा सोर्स कोड बाहेर पडत होता.

टर्मिनलवासी
ते भोक पीएचपी-सीजीआय वेबवर उघडं टाकणाऱ्यांसाठी होतं. माझ्या शेलमध्ये वेबच नाही, हाच तर मुद्दा आहे!

अर्धविराम
दोघंही थांबा. निम्मे लोक पीएचपी-सीजीआय वापरतच नाहीत, सरळ 'पीएचपी पान.पीएचपी' मारतात. मग गेट (यूआरएलमधून येणारी माहिती) रिकामं, हेडर गायब, शिवाय सीएलआय (पीएचपीची कमांड लाइनवाली आवृत्ती) स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये जात नाही म्हणून './'वाले इन्क्लूड (जोडलेल्या फाइली) फुटतात. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवतो तो) तर रोजची बोंब.

रात्रपाळी
क्रॉनचं नाव काढलंत म्हणून सांगतो. आमच्याकडे एकाने कॅशची स्क्रिप्ट रूटच्या (सर्वाधिकारी युजरच्या) क्रॉनमध्ये टाकली. कॅशच्या सगळ्या फाइली रूटच्या झाल्या, वेबच्या युजरला लिहिता येईना आणि सकाळी साइट पांढरीफटक. तेव्हापासून क्रॉनमध्ये फक्त कर्ल (यूआरएल मागवणारी कमांड). पान वेबचं आहे, वेबवरूनच चालवा.

अर्धविराम
म्हणजे रूटने चालवायची चूक तुमची आणि शिक्षा सीएलआयला? क्रॉन वेबच्या युजरच्या नावाने लावता येतो हो. तुमच्या कर्लच्या यूआरएलमधली गुप्त किल्ली ॲक्सेस लॉगमध्ये (सर्व्हरकडे आलेल्या विनंत्यांची नोंद) उघडी पडलेली असते, बघा एकदा. आमची बिलं पाठवणारी स्क्रिप्ट अशीच कर्लने चालायची. एनजिनएक्स सर्व्हर ६० सेकंदांनी कंटाळला, कुणीतरी पुन्हा चालवली आणि निम्म्या ग्राहकांना दोनदा बिल. सीएलआयवर वेळेची मर्यादाच नसते.

रात्रपाळी
मर्यादा नसते म्हणूनच आमच्याकडे एक स्क्रिप्ट लटकली, आणि क्रॉन तिच्यावर दर पाच मिनिटांनी नवीन चढवत गेला. मेमरी संपेपर्यंत कुणाला पत्ता नाही!

अर्धविराम
एक चालू असताना दुसरी चढू न देणारी फ्लॉक नावाची गोष्ट असते. मॅन पेज (कमांडची माहितीपुस्तिका) वाचायचे पैसे पडत नाहीत.

रात्रपाळी
असले टोमणे मारणाऱ्यांचीच प्रॉडक्शनची क्रॉनटॅब बघायला मिळावी एकदा.

टर्मिनलवासी
क्रॉनवाल्यांनो, वेगळा धागा काढा की!

गेटवे५०२
मी बसून डिफ करून पाहिलं. काही न बदलता दोन ओळी वेगळ्या. सेशनची कुकी आणि फॉर्ममधलं सुरक्षेचं टोकन दर वेळी नवीन. हेच ते अचूक साधन?

टर्मिनलवासी
हेडर '-क्यू'ने बंद करा, टोकनची ओळ सेडने (मजकूर बदलणारी कमांड) उडवा.

गेटवे५०२
उडवली, चाललं. मोठ्या साइटच्या टेम्प्लेटमध्ये हात घालताना उपयोगी पडेल म्हणा. झालं समाधान? पण रिराइटचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

रात्रपाळी
फ्लॉक शेअर्ड ड्राइव्हवर चालेलच असं नसतं, हे त्या मॅन पेजवाल्यांना कळवा.