मदत हवी आहे: बागेची चित्रं आणि ग्राफिक डिझाइन, पोर्टफोलिओ एकच की दोन?

मी पेंटिंगही करते आणि ग्राफिक डिझाइनही. दोन्हीकडे विषय एकच, बाग. आता ही चित्रं कापड आणि वॉलपेपरवर न्यायची आहेत. इंग्रज डिझायनर विल्यम मॉरिसने स्वतःच्या बागेतल्या जाळीवरच्या गुलाबांवरून 1862 मध्ये वॉलपेपर रचला होता (त्यातले पक्षी मात्र मित्राने, फिलिप वेबने काढले!), म्हणजे वाट जुनीच आहे.

गाडी अडते ती हिरव्यावर. कोवळ्या पालवीचा पोपटी स्क्रीनवर झकास दिसतो, सीएमवायकेत (छपाईच्या चार मूळ रंगांत) नेला की मळकट होतो. स्पॉट कलर (त्या रंगाची वेगळी तयार शाई) घ्यावा तर छपाईचा खर्च वाढतो. शिवाय जलरंगाचे ओघळ रिपीट पॅटर्नच्या (सलग पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीच्या) सांध्यावर तुटतात. तिथे पुन्हा हाताने रंगवून स्कॅन करता की फोटोशॉपमध्येच जोडता?

दुसरं, पैशांचं. डिझाइन एकरकमी विकावं, की हक्क स्वतःकडे ठेवून ठरावीक मुदतीचं लायसन्स द्यावं? रॉयल्टी घेतली तर विक्रीचा हिशेब तपासायचा कसा?

गॅलरीवाले डिझाइन पाहून नाक मुरडतात, क्लायंट पेंटिंग पाहून गोंधळतात. म्हणून पोर्टफोलिओ वेगळे करावेत का? प्रत्यक्ष हे काम केलेल्यांनी सांगा, ऐकीव सल्ले भरपूर जमलेत.