अँप्लिफायर वाढवले तरी नॉइज राहतोच
ऑप्टिकल फायबरमध्ये (काचेच्या ज्या बारीक तारेतून सिग्नल प्रकाशाच्या रूपात जातो) अँप्लिफायर, म्हणजे सिग्नल मोठा करणारी यंत्रं, वाढवत गेलं की सिग्नल कितीही लांब नेता येतो, असं काही जण म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला फायबरमध्ये किलोमीटरमागे साधारण ०.२ डेसिबल घट होते (दर १० डेसिबलला सिग्नलचा दहावा भाग उरतो). सोलापूर-पुणे २५० किलोमीटर धरा, म्हणजे ५० डेसिबल. पुण्यात पोचतो लाखातला एक भाग! म्हणून ८०-१०० किलोमीटरवर अर्बियमवाला (अर्बियम हा धातू मिसळलेल्या फायबरचा) अँप्लिफायर लागतो. पण तो आधीचा नॉइजही (सिग्नलमध्ये मिसळलेला नको असलेला गोंधळ) वाढवतो, वर स्वतःचा घालतो. पॉवर मीटरवर आकडा झकास, तरी एरर येतातच.

म्हणून कळकळीने सांगतो, अँप्लिफायर वाढवण्याआधी फायबरचे जोड तपासा, सिग्नल तिथेही वाया जातो. एप्रिलच्या उन्हात मोहोळजवळ आमच्या एका जोडात ओटीडीआरवर (फायबरमध्ये कुठे किती घट होते ते दाखवणारं यंत्र) ०.४ डेसिबलची पायरी, म्हणजे एकदम घट, दिसत होती. टोकावर धूळ होती. पुसून, पुन्हा कापून जोडलं, तर ०.०३.