सीवायपी२डी६ (औषधं मोडणारं यकृतातलं एन्झाइम) रिपोर्ट ‘नॉर्मल’, तरी रिस्पेरिडोनवर रुग्ण आखडतोय. असं का?

प्रश्न – रेसिडेंट, मानसोपचार
स्किझोफ्रेनियाचा तरुण रुग्ण. रिस्पेरिडोन ४ मिग्रॅ. सुरू होऊन तीन आठवडे झालेत. हातपाय ताठ, लाळ गळते, चालताना हात हलत नाहीत. ट्रायहेक्सिफेनिडिल (ताठरपणा कमी करणारं औषध) २ मिग्रॅ. दोन वेळा देऊनही फारसा फरक नाही. आधीपासून पॅरॉक्सेटिन (नैराश्याचं औषध) २० मिग्रॅ. चालू आहे. घरच्यांनी बाहेरून जीन टेस्ट करून आणली: *१/*४१ (जीनच्या दोन प्रतींचे प्रकार), ‘नॉर्मल मेटाबोलायझर’, म्हणजे औषध नेहमीच्या वेगाने मोडणारा. मग औषध साचल्यासारखं का वाटतंय? आणि पुढे क्लोझापाइनची (इतर औषधांनी भागलं नाही तर द्यायच्या औषधाची) वेळ आली तर हाच रिपोर्ट चालेल का?

उत्तर १ – क्लिनिकल फार्मॅकॉलॉजी
उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे: पॅरॉक्सेटिन. ते सीवायपी२डी६ जवळपास बंद पाडतं. जीन चांगला असला तरी एन्झाइम अडलेलं असेल तर रुग्ण व्यवहारात पुअर मेटाबोलायझरच, म्हणजे औषध फार हळू मोडणारा. याला फेनोकन्व्हर्जन म्हणतात. जीन रिपोर्टसोबत पूर्ण औषधांची यादी वाचली नाही तर हमखास फसायला होतं.

पॅरॉक्सेटिनसोबत मूळ रिस्पेरिडोनची पातळी ३ ते ९ पट चढू शकते. ९-हायड्रॉक्सी रिस्पेरिडोन (रिस्पेरिडोनपासून शरीरात बनणारं रूप) मात्र फारसं बदलत नाही. तेही तितकंच काम करतं, त्यामुळे दोन्हींची बेरीज त्या मानाने कमी वाढते. पण ४ मिग्रॅ.वर तेवढी वाढही आखडायला पुरते.

आधी रिस्पेरिडोन २ ते ३ मिग्रॅ.वर आणा. ट्रायहेक्सिफेनिडिल वाढवत नेऊ नका. तोंड कोरडं, बद्धकोष्ठता, विसराळूपणा मागे लागतो आणि मूळ कारण तसंच राहतं. नैराश्याचं औषध खरंच लागत असेल तर सर्ट्रालिनचा विचार करा, १०० मिग्रॅ.पर्यंत त्याचा अडथळा सौम्य असतो. पॅरॉक्सेटिन एकदम तोडू नका, हळूहळू उतरवा. ते बंद झाल्यावर एन्झाइम पुन्हा चालू होतं आणि रिस्पेरिडोनची पातळी घसरते. घसरणीच्या त्या आठवड्यांत लक्षणं उलटतात का, याकडे लक्ष हवं. (फ्लुओक्सेटिन असतं तर हा परिणाम बंद केल्यावरही कित्येक आठवडे टिकला असता.)

उत्तर २ – लॅब मेडिसिन
शक्य असेल तर रक्तातली पातळी मोजा. डोस किमान आठवडाभर न बदलता, सकाळची गोळी घेण्याआधी नमुना घ्या. दोन्हींची बेरीज साधारण २० ते ६० नॅनोग्रॅम प्रति मिलि. असावी. मूळ औषध ९-हायड्रॉक्सीपेक्षा जास्त निघालं तर एन्झाइम मंद आहे, मग रिपोर्ट काहीही म्हणो.

लॅबने जीनची कॉपी संख्या तपासली का, हेही विचारा. ती तपासली नसेल तर एक प्रत गायब असलेला *१/*५ रुग्ण *१/*१ म्हणून छापला जातो, आणि जास्तीच्या प्रती असलेला अल्ट्रारॅपिडही (औषध फार वेगाने मोडणारा) ‘नॉर्मल’मध्येच जातो.

रेसिडेंट
पॅलिपेरिडोन किंवा ॲरिपिप्राझोलवर नेलं तर?

उत्तर १ – क्लिनिकल फार्मॅकॉलॉजी
पॅलिपेरिडोन म्हणजेच ९-हायड्रॉक्सी रिस्पेरिडोन. ते मुख्यतः मूत्रपिंडातून जातं, सीवायपी२डी६वर फारसं अवलंबून नाही. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) पाहून घ्या. ॲरिपिप्राझोलमध्ये मात्र अडचण तीच: हाफ-लाइफ (पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) एरवी ७५ तास, पुअर मेटाबोलायझरमध्ये १४६. पॅरॉक्सेटिन चालू असेल तर डोस निम्मा करा. पातळी स्थिरावायला चार-पाच आठवडे लागू शकतात, म्हणून दर आठवड्याला डोस वाढवत जाऊ नका.

उत्तर ३ – मानसोपचार
क्लोझापाइनसाठी हा रिपोर्ट कामाचा नाही. तिथे मुख्य एन्झाइम सीवायपी१ए२, आणि त्याचा वेग ठरवण्यात जीनपेक्षा विडी-सिगारेटचा धूर मोठा. वेग वाढवतो तो धूर, निकोटिन नाही. त्यामुळे तंबाखू मळणाऱ्याला किंवा मिश्री लावणाऱ्याला विडी ओढणाऱ्यासारखा जास्त डोस लागेल असं धरू नका. ‘तंबाखू: हो’ एवढंच केसपेपरवर लिहून भागत नाही.

वॉर्डात भरती झाल्यावर विडी सुटते आणि आठवड्याभरात पातळी चढते. झोप, लाळ, फिट्सचा धोका वाढतो. डोस बहुधा एक तृतीयांश ते निम्मा कमी करावा लागतो. घरी जाऊन विडी पुन्हा सुरू झाली की उलट. फ्लुवोक्सामिन (नैराश्याचं औषध) आणि सिप्रोफ्लॉक्सासिन (अँटिबायोटिक) हे एन्झाइम अडवतात, तापाच्या संसर्गातही पातळी चढते. शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी नमुना घ्या. ३५० नॅनोग्रॅम प्रति मिलि.च्या आसपास परिणामाची अपेक्षा ठेवा, ६००च्या वर गेलं तर सावध. पांढऱ्या पेशींची नियमित तपासणी कुठल्याही जीन रिपोर्टमुळे टळत नाही.