डार्क मॅटर कशाचं? बारावीच्या पोरांपुढे कुठले उमेदवार ठेवावेत?

कृष्णाकाठ (सांगली):
मंडळी, विश्रामबागेत अकरावी-बारावीच्या मुलांसमोर डार्क मॅटरवर (दिसत नाही, पण गुरुत्वाकर्षणाने जाणवतं ते द्रव्य) ४५ मिनिटं बोलायचंय. झ्विकी १९३३ (दीर्घिकासमूहातलं न दिसणारं वस्तुमान), रुबिन-फोर्ड १९७०, देवयानी दीर्घिकेचा सपाट आलेख (केंद्रापासून दूर गेलं तरी फिरण्याचा वेग घटत नाही) हे दहा मिनिटांत उरकेल. पुढे विम्प (क्वचितच धडकणारा जड कण), ॲक्सिऑन (अतिशय हलका कण), निर्जंतुक न्यूट्रिनो, आदिम कृष्णविवरं (विश्वाच्या सुरुवातीलाच झालेली) अशी नावं घेत गेलो की नुसतं हजेरीपुस्तक होतं. यातलं शर्यतीत कोण, बाद कोण? आणि फळ्यावर करून दाखवण्यासारखं काही?

दंडोबा:
नावं नंतर. आधी फळ्यावर एकच आकडा लिहा: दर घनसेंटिमीटरला ०.३ जीईव्ही (गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, कणांचं वस्तुमान मोजायचं एकक; प्रोटॉन साधारण १ जीईव्हीचा). सूर्याच्या आसपासची ही डार्क मॅटरची घनता (काहीजण ०.४ धरतात). ताऱ्यांच्या गतीवरून ती काढलीय, त्यामुळे कण कुठला का असेना, आकडा तोच. आता प्रत्येक उमेदवाराच्या वस्तुमानाने त्याला भागायचं.

विम्प १०० जीईव्हीचा धरा. एक लिटरच्या तांब्यात ३०० जीईव्ही, म्हणजे कुठल्याही क्षणी तीन कण. वेग सेकंदाला २२० किमी, म्हणजे २.२ कोटी सेंमी. ०.००३ गुणिले २.२ कोटी: अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून सेकंदाला ६६,००० कण आरपार. ४ मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्टचा ॲक्सिऑन घेतला तर घनसेंटिमीटरला ७५ लाख कोटी. इतकी गर्दी झाली की सुटे कण मोजण्यात अर्थ नाही, तिथे लाटेचंच गणित. आणि १०^२० ग्रॅमचं कृष्णविवर घेतलं, तर सूर्य-पृथ्वी अंतराच्या ३८ पट बाजू असलेल्या घनात एक!

ग्रॅममध्ये हवं असेल तर १ जीईव्ही म्हणजे १.७८ × १०^-२४ ग्रॅम. आख्ख्या पृथ्वीच्या पोटात कुठल्याही क्षणी अर्धा किलोहून थोडं जास्त, तासगावच्या बेदाण्याचं एक पाकीट. सांगली जिल्हा सुमारे ८,५०० चौरस किमी; त्यावरच्या एक किमी जाडीच्या थरात साडेचार मायक्रोग्रॅम. पोरं हमखास चुकतात ती घनसेंमीचे घनमीटर करताना. १०० ने गुणतात. १०^६ ने गुणायचं, हे कोपऱ्यात आधीच लिहून ठेवा.

खंबाटकी:
शर्यतीचं सांगतो. विम्प मेलेला नाही, पण जागा फार आकसलीय. अमेरिकेत दीड किमी खोल जुन्या सोन्याच्या खाणीत एलझेड या डार्क मॅटर शोधणाऱ्या प्रयोगाची टाकी आहे. मोजणीच्या भागात ७ टन द्रव झेनॉन. कण अणुकेंद्रकाला धडकला की आधी एक बारीक चमक, मग सुटलेले इलेक्ट्रॉन वर वायूत पोचले की दुसरी. दोन चमकांच्या प्रमाणावरून कळतं, धक्का केंद्रकाला बसला की इलेक्ट्रॉनला. घोळ घालतो तो रेडॉन: टाकीच्या धातूतूनच झिरपतो आणि त्याची पिलावळ द्रवात मिसळते. २०२४ पर्यंतच्या मोजणीत ४० जीईव्हीजवळच्या विम्पसाठी २.२ × १०^-४८ चौरस सेंमीपर्यंत (धडक बसण्याची शक्यता अशी क्षेत्रफळात मोजतात) काही सापडलं नाही. याहून बारीक शोधायला गेलं की सूर्यातल्या बोरॉन-८ पासून निघणारे न्यूट्रिनो हलक्या विम्पसारखाच धक्का देऊ लागतात आणि त्यांना आडवणारी भिंत नाही.

माझा कल ॲक्सिऑनकडे. १९७७-७८ मध्ये तो वेगळ्याच कोड्यासाठी (प्रबळ बल द्रव्य आणि प्रतिद्रव्यात फरक का करत नाही) सुचला होता, डार्क मॅटरसाठी म्हणून जुळवलेला नाही. चुंबकात तांब्याचा मुलामा दिलेला डबा ठेवायचा, ॲक्सिऑनचा मायक्रोवेव्ह होईल त्या वारंवारतेवर तो जुळवायचा. १ गिगाहर्ट्झसाठी डब्याची त्रिज्या ११.५ सेंमी. संकेताची रुंदी मात्र जेमतेम १ किलोहर्ट्झ आणि ताकद १०^-२३ वॅटच्या घरात, म्हणजे रेडिओचं बटण मुंगीच्या पावलाने फिरवत बसायचं. अडचण अशी, की ॲक्सिऑन जितका जड तितका डबा लहान, आणि डबा लहान झाला की संकेतही खालावतो.

(आणि स्टराइलला निर्जंतुक म्हणू नका हो, दवाखाना आठवतो. तो दुर्बल बलातही भाग घेत नाही, एवढाच अर्थ.) २०१४ मध्ये क्ष-किरणांत ३.५ केईव्हीची (किलो म्हणजे हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट) रेषा दिसल्याचा दावा झाला. न्यूट्रिनो फुटून निम्मी ऊर्जा प्रकाशाला मिळते, म्हणून मूळ कण ७ केईव्हीचा. २०१६ मध्ये हितोमी या जपानी क्ष-किरण उपग्रहाला ती ययाती (पर्सियस) दीर्घिकासमूहात सापडली नाही. दोन मिनिटं पुरेत.

कृष्णाकाठ:
पण कृष्णविवरांना नवा कण लागतच नाही. मग तीच का नकोत?

कोयनाकाठ:
ताऱ्यांपासून झालेली चालत नाहीत. साध्या द्रव्याचा हिशोब विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत बनलेल्या ड्यूटेरियमवरून (जड हायड्रोजन) लागलेला आहे, त्यात एवढी शिल्लक नाही. म्हणून आदिम हवीत. त्यातली ५ × १०^१४ ग्रॅमखालची हॉकिंग प्रारणाने (विवर स्वतःच ऊर्जा बाहेर टाकत झिजतं) आजवर विरली. वरच्या बाजूला, चंद्रापासून सूर्यापर्यंतच्या वजनाची पुरेशी असती तर मॅजेलनी मेघांतले (शेजारच्या छोट्या दीर्घिका) आणि देवयानीतले तारे अधूनमधून उजळले असते (विवर आडवं आलं की त्याचं गुरुत्वाकर्षण भिंगासारखं ताऱ्याचा प्रकाश एकवटतं), तितके उजळत नाहीत. मोकळी खिडकी साधारण १०^१७ ते १०^२२ ग्रॅम. ती बंद होत नाही, कारण इतक्या हलक्या विवराचं भिंग ताऱ्याच्या तबकडीपेक्षाच लहान पडतं. १०^२० ग्रॅमच्या विवराची त्रिज्या ०.१५ नॅनोमीटर, अणूएवढी.

'गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदला की' असं कुणीतरी विचारणारच. तेव्हा बुलेट क्लस्टरचा (एकमेकांतून आरपार गेलेले दोन दीर्घिकासमूह) फोटो लावा. गुलाबी भाग क्ष-किरणांत दिसलेला वायू, निळा भाग गुरुत्वीय भिंगावरून काढलेलं वस्तुमान; ते वायूपासून वेगळं पडलंय, नुसता नियम बदलून हे जुळत नाही. रंग दोन्ही नंतर भरलेत, हे आवर्जून सांगा, नाहीतर पोरं वहीत लिहून घेतात: डार्क मॅटर निळं असतं.