टीनएज लव्हस्टोरीत तुमच्यासारखं घर कधी भेटलं का? (अनुभव लिहा)

माझी लेक पंधराची. मागच्या महिन्यात मैत्रिणीकडून "व्हेन डिंपल मेट ऋषी" घेऊन आली, संध्या मेनन यांचं, 2017 चं. कव्हरवर मेंदीच्या हातात कोल्ड कॉफी धरून हसणारी आपल्यासारखीच सावळी मुलगी. मी तिच्या वयाची असताना कोपऱ्यावरच्या लायब्ररीतून मिल्स अँड बूनच्या इंग्रजी प्रेमकथा आणायचे, त्यात सगळ्या गोऱ्यापान आणि त्यांच्या घरात आईवडील जवळपास नसायचेच. इथे डिंपलला कोडिंगच्या समर प्रोग्रॅमसाठी सॅन फ्रान्सिस्कोला जायचंय आणि आईच्या डोक्यात स्थळ! लेक किचनमध्ये येऊन त्या आईचं बोलणं वाचून दाखवत होती, मग म्हणाली, तू पण असंच करशील का गं? मला पटकन उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून ते डोक्यात आहे म्हणून विचारतेय, तुम्ही किंवा मुलांनी असं काय वाचलंत, त्यात तुमचं काय सापडलं?

*

मी न्यू जर्सीत वाढले. 2002 मध्ये "बॉर्न कन्फ्यूज्ड" आलं तेव्हा हायस्कूलला होते. त्यातली डिंपल लाला पण न्यू जर्सीचीच, फोटोग्राफीचं वेड असलेली, आईबाबांनी दाखवलेला मुलगा तिला अजिबात नको असतो आणि मग तोच न्यूयॉर्कमध्ये डीजे म्हणून समोर येतो. मला लव्हस्टोरीपेक्षा आत लागलं ते घरात एक आणि बाहेर एक असं जगणं. आमच्याकडे वर-खाली दोन फोन होते, मी वर कुणा मुलाशी बोलत असले की आई खालचा उचलायची, बोलायची काहीच नाही, फक्त लाइनवर कुकरची शिट्टी ऐकू यायची आणि मी घाईघाईने ठेवून द्यायचे. ती शिट्टी अजून कानात आहे.

*

आम्ही टेक्सासला, एचवनबी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. मुलगी एकोणीसची, एचफोरवर, म्हणजे आमच्यावर अवलंबून असलेल्यांच्या व्हिसावर. तिने "द सन इज ऑल्सो अ स्टार" वाचलं, निकोला यून यांचं. जमैकाची नताशा आणि कोरियन आईबापांचा डॅनियल, न्यूयॉर्क, एकच दिवस, कारण त्याच रात्री नताशाच्या कुटुंबाला देश सोडायचाय. त्यांच्याकडे कागदपत्रं नाहीत, आमच्याकडे सगळी आहेत, पण एकवीस वर्षं पूर्ण झाली की मुलगी आमच्या व्हिसावरून बाहेर पडते आणि ग्रीन कार्डची रांग काही हलत नाही. पुस्तक उलटं ठेवून ती एवढंच म्हणाली, बाबा, मी कुणाच्या प्रेमात पडले तर त्याला हे कधी सांगायचं? बाप म्हणून मला त्या रात्री झोप लागली नाही.

*

मी दापोलीकडची, आम्ही घरात कोकणी बोलतो. "लव्ह फ्रॉम ए टू झी" मध्ये झैनब हिजाब घालते, मुस्लिमांबद्दल वाट्टेल ते बोलणाऱ्या टीचरला नडते म्हणून शाळेतून सस्पेंड होते आणि दोहाला आंटीकडे जाते. तिथला अॅडम, त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस झालेलं असतं आणि तो ते घरच्यांपासून लपवतो. माझी खाला पण दोहालाच! हिजाबवाली मुलगी कथेत आली की बिचारी तरी असते नाहीतर तिला कुणीतरी सोडवायचं असतं, ही चिडते, भांडते, प्रेमात पडते आणि नमाजही पढते. मी दोनदा वाचलं.

*

वाचलीत मी पण, आवडली, पण एक खटकतं ते लिहितोच. आपल्याकडे दोन वेगळ्या घरची मुलं म्हणजे आधी जात. मी लातूरहून पुण्याला आलो, हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात आडनाव विचारून झालं, पुढे जिच्यावर जीव जडला तिच्या आईने चहा दिला तो वेगळ्या कपात. ह्यावर सोळा-सतरा वर्षांच्या पोरांसाठी मराठीत जाडजूड, प्रेमाने भरलेली, शेवट गोड असलेली कादंबरी मला हवीये. रडकी नको. त्यांनाही गोड शेवट मिळू दे की!

*

कपाचं वाचून गलबललं. लेकीला सगळं दाखवलं, ती विचारतेय ते दोहाचं पुस्तक इकडे कुठे मिळेल? आणि हो, तिला उत्तर दिलं मी काल, स्थळ आणणार नाही म्हणून.