पोलीस ठाण्यातलं वागणं शिकवून येतं का? (चर्चा)

गोदाकाठची: काल एका निवृत्त फौजदारांची पोस्ट फिरत होती. म्हणे, "ठाणं म्हणजे माहेर नव्हे. फिर्यादीला उलटसुलट विचारावंच लागतं. संवेदनशीलतेच्या कार्यशाळा म्हणजे चहा-बिस्किटांचा खर्च." लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

उलटतपासाला कोर्टात वकील बसलेत. ठाणे अंमलदाराने टेबलावरच खटला कशाला चालवायचा? सुप्रीम कोर्टाचा ललिता कुमारी निकाल २०१३ चा आहे: दखलपात्र गुन्हा दिसला की आधी नोंद.

गेल्या वर्षी शेजारच्या मूकबधिर पोरीला घेऊन तालुक्याच्या ठाण्यात गेले होते. अंगाला हात लावल्याची तक्रार. अंमलदार मान वर न करता म्हणाला, "हिला बोलताच येत नाही, मी लिहू काय?" मग आईला, "तिला म्हणावं खुणा करून दाखव, इथंच." बाकावर पासपोर्टच्या चौकशीला आलेली चार माणसं. पोरीनं ओढणी तोंडावर घेतली ती काढेचना. कायदा म्हणतो, अशा मुलीची फिर्याद तिच्या घरी जाऊन घ्या, खुणा समजणारं माणूस सोबत ठेवा, चित्रीकरण करा. शेवटी मूकबधिर शाळेतल्या बाई आल्या आणि पोरीनं सगळं सांगितलं. हे टेबलावरच्या माणसाला कुणी शिकवायचं?

माजी हवालदार: बाई, बांधाच्या भांडणात बायकोला पुढं करून विनयभंग लावणारे मी ढिगानं पाहिलेत. आधी नोंद, आधी नोंद म्हणता, अन् उद्या पोरगं निर्दोष सुटलं तर त्याची गेलेली भरती कोण देणार?

गोदाकाठची: म्हणून खऱ्या फिर्यादीलाही खोटीच धरून बोलायचं? मथुरा नावाच्या आदिवासी पोरीवर पोलिसांनी केलेल्या बलात्काराचं प्रकरण ठाण्याच्या आवारातच घडलं होतं, १९७२ साली. १९७८ ला सुप्रीम कोर्टानं पोलिसांना सोडलं, का तर पोरीनं विरोध केल्याच्या खुणा नाहीत. कायदा बदलायला १९८३ उजाडलं.

खाकीच्या घरातली: सगळे पोलिसांनाच शिकवायलेत! तुम्ही गेलात त्या दिवशी ठाण्यातली महिला अंमलदार कुठं होती, विचारलंत? बंदोबस्तात असणार. माझी नणंद शिपाई आहे. नवरात्रात तुळजापूर, मग पैठणची नाथषष्ठी, मधी कुणाची तरी सभा. रस्त्यावर उभं राहायचं अन् लघवीला जायची सोय नाही म्हणून दिवसभर पाणी प्यायचं नाही. मूत्रपिंडाचा त्रास सुरू झालाय तिला. तिच्याशी कोण संवेदनशील वागतंय?

जालनेकर: लाख बोललात. अन् पुढाऱ्यामागं दोन-दोन अंगरक्षक फिरतात ते? आमच्याकडं एका माजीला अजून बंदूकधारी आहे, शेतात माळवं आणायला जातानासुद्धा.

खाकीच्या घरातली: आठवड्याची सुट्टी कागदावर. पोराचा वाढदिवस व्हिडिओ कॉलवर.

जालनेकर: फिरतं शौचालय द्यायला काय जातंय? मोर्चाला मंडप मिळतो, पोरींना आडोसा नाही.

गोदाकाठची: मान्य हो, सगळं मान्य. पण त्या अंमलदाराला लघवीला जायचं होतं म्हणून तो तसं बोलला नाही.

खाकीच्या घरातली: घ्या! ह्याच तुमच्या संवेदना.

परभणीचा वकील: भांडण चालू द्या, पण कायद्यात कमी नाही. पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याचं, कलम २४ सांगतं की मुलाचा जबाब घेताना पोलीस गणवेशात नको. भारतीय न्याय संहितेचं कलम १९९: अशा गुन्ह्यांची खबर नोंदवली नाही तर सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी. माझ्या वकिलीत हे कलम कुणाला लागलेलं पाहिलं नाही. एकदा लागू द्या, कार्यशाळा लागणार नाही.

ऊसतोड्याचं पोरगं, बीड: तुमचं टेबलापर्यंत तरी जातंय. आमच्या टोळीतल्या एका मावशीला फडावर मारलं, कारखान्याकडं. तिथलं ठाणं म्हणे गावाकडं द्या. गावाकडचं म्हणे घडलं तिथं द्या. अन् साहेबासमोर खुर्चीवर कोण? मुकादम. मावशीची उचल, म्हणजे मुकादमाकडून घेतलेला आगाऊ पैसा, फिटली नव्हती, गप बसली. हद्द कुठलीही असो, शून्य क्रमांकानं नोंद घ्यायची, हे १ जुलै २०२४ पासून कायद्यातच आलंय. सांगायला गेलं की म्हणतात, "लई शिकलास का?"

माजी हवालदार: मुकादमाला खुर्ची देणं चूकच. आमच्या वेळेला पण द्यायचे, खोटं कामून बोलू. पण तीन दिवसांच्या शिबिरानं तो उठणार आहे का?

गोदाकाठची: शिबिर साहेबांचं होतं, फोटो साहेबांचे येतात. फिर्यादीला पहिला भेटतो तो शिपाई कधी त्यात दिसला? त्याला दोनच गोष्टी शिकवा: चारचौघांत विचारायचं नाही, अन् तिला आधी बसवायचं.

खाकीच्या घरातली: शिकवा. पण रात्रपाळी करून आलेल्याला सकाळी शिबिराला बसवू नका, एवढं करा.

माजी हवालदार: बरं बाई, आडोशाला बसवायला ट्रेनिंग लागत नाही, तुमचंच खरं. पण ठाण्यात मागची जी एक खोली असते, तिच्यात मुद्देमालाची दारू, कोयते अन् मोटारसायकलीचे सुटे भाग कोंबलेले असतात. फिर्यादीला काय टाकीवर बसवू?

परभणीचा वकील: फोटो काढून मुद्देमालाची विल्हेवाट लावायची तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे, कलम ४९७. कोर्टात अर्ज करा.

माजी हवालदार: अर्ज लिहायला मुन्शी कुठाय? बंदोबस्तात.